पत्त्यांची नोंदणी विचारणारी स्क्रिप्ट मध्येच गप्प होते: आयपीहूइज, आरडॅप आणि दर सोमवारची तीच अडचण

लक्षण असे असते. पायथनमधली स्क्रिप्ट लॉगमधून आयपी पत्ते उचलते, प्रत्येक पत्ता कोणाच्या नावावर आहे हे आयपीहूइज लायब्ररीला विचारते आणि उत्तर फाइलमध्ये लिहिते. सुरुवातीचे पत्ते भराभर होतात. मग पडदा थिजतो. चूक दिसत नाही, संदेश येत नाही, प्रोसेसर निवांत असतो. कधी दोन मिनिटांनी एखादी ओळ सरकते, परत शांतता. शेवटी एचटीटीपी-रेट-लिमिट-एरर नाहीतर एचटीटीपी-लुकअप-एरर फेकून स्क्रिप्ट बसते. तुम्ही ती पुन्हा चालवता. या वेळी तर ती पहिल्याच पत्त्यावर अडते.

आमच्या संस्थेच्या मेल-सर्व्हरवर आठवडाभर कोणी कोणी पासवर्ड चाचपून पाहिले याची यादी दर सोमवारी निघते. त्या पत्त्यांचे धारक शोधून त्यांच्या तक्रार-विभागाला कळवणे हे माझे काम. ही अडचण माझ्याकडे कितीतरी महिने येत राहिली. तीन वेळा मी ती "सोडवली" आणि तीनही वेळा ती परत आली, कारण मी लक्षणावर उपाय करत होतो. इथे तो सगळा शोध सविस्तर लिहितो आहे, म्हणजे तुमचे सोमवार तरी वाचतील.

एक सूचना आधीच. खाली फंक्शनांची आणि पॅरामीटरांची नावे मी बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर देऊन लिहायची. अंकांचेही तसेच. पायथनचे इंट हे फंक्शन देवनागरी अंक आनंदाने वाचते, पण आयपीॲड्रेस मॉड्यूल वाचत नाही. इथला पत्ता जसाच्या तसा चिकटवलात तर "हा वैध पत्ता नाही" असे उत्तर येईल.

गप्प होते म्हणजे नेमके काय होते

सर्वांत आधी पायथनचे लॉगिंग डीबग पातळीवर चालू करा आणि स्क्रिप्ट पुन्हा सोडा. ही एक ओळ मी पहिल्याच दिवशी घातली असती तर पुढचे महिने वाचले असते. लायब्ररी अडकलेली नसते, ती झोपलेली असते. आरडॅप म्हणजे नोंदणीची माहिती वेबवरून विचारण्याची नवी पद्धत; तिच्या लुकअप-आरडॅप या फंक्शनला रेट-लिमिट-टाइमआउट नावाचा पॅरामीटर आहे आणि त्याची मूळ किंमत १२० सेकंद आहे. रीट्राय-काउंटची मूळ किंमत ३. समोरच्या रजिस्ट्रीने (पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने) "तुम्ही फार विचारताय" असे सांगितले, म्हणजे ४२९ हा कोड दिला, की लायब्ररी दोन मिनिटे थांबते, पुन्हा विचारते, पुन्हा दोन मिनिटे थांबते. एका पत्त्यापायी सहा मिनिटे जातात आणि मग ती हात टेकते. यादीत असे शंभर पत्ते उरले असतील तर हिशेब तुम्हीच करा.

जुन्या हूइज मार्गाने, म्हणजे लुकअप-हूइजने विचारले तर चित्र उलटे दिसते. तिथे मर्यादा ओलांडल्याचा मजकूर आला की लायब्ररी जेमतेम एक सेकंद थांबते आणि परत दार ठोठावते. स्क्रिप्ट लवकर मरते, पण आपला पत्ता काळ्या यादीत जाण्याची शक्यता वाढते. राइप या युरोपकडच्या रजिस्ट्रीच्या सर्व्हरवरून "एरर २०१, ॲक्सेस डिनाइड" असे उत्तर येऊ लागले तर समजा की दार लागले.

माझे पहिले तीन उपाय असे होते. प्रत्येक प्रश्नानंतर एक सेकंद थांबायचे. काही आठवडे चालले, यादी वाढली आणि परत तेच. दुसरा उपाय, रीट्राय-काउंट वाढवायचा. त्याने स्क्रिप्ट मरायची थांबली, पण दुपारपर्यंत चालू राहायची. तिसरा, दुसऱ्या मशीनवरून चालवायची. पण आमच्या कार्यालयातली सगळी मशीन्स बाहेरच्या जगाला एकाच सार्वजनिक पत्त्यावरून दिसतात! रजिस्ट्रीच्या दृष्टीने मशीन बदललेच नव्हते. शोध घेताना हेही कळले की त्याच सकाळी एक सहकारी वेब-सर्व्हरच्या लॉगसाठी जवळपास हीच स्क्रिप्ट चालवत होता. दोघे मिळून एकच कोटा संपवत होतो आणि दोघेही नेटवर्कला दोष देत होतो.

एका प्रश्नामागे किती प्रश्न

मग मी बाहेर जाणारे प्रश्न मोजले. आपल्याला वाटते की हजार पत्ते म्हणजे हजार प्रश्न. तसे नसते.

पाच प्रादेशिक रजिस्ट्री जगभरचे पत्ते सांभाळतात: उत्तर अमेरिकेची एरिन, युरोप-मध्यपूर्वेची राइप, आशिया-पॅसिफिकची ॲपनिक, लॅटिन अमेरिकेची लॅकनिक आणि आफ्रिकेची आफ्रिनिक. तुमचा पत्ता यांतल्या कोणाकडे आहे हे आयपीहूइजला आधी शोधावे लागते. त्यासाठी ती टीम सिमरू या इंटरनेट-सुरक्षा संस्थेच्या सेवेला डीएनएसमधून (नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेतून) विचारते, ते जमले नाही तर सिमरूच्याच हूइज सर्व्हरला, तेही नाही जमले तर एचटीटीपीने. हा झाला पहिला टप्पा. मग योग्य रजिस्ट्रीच्या आरडॅप सर्व्हरला खरा प्रश्न जातो. त्याच्या उत्तरात संस्था, तांत्रिक संपर्क, तक्रार संपर्क अशा नोंदींची हँडल्स (ओळख-नावे) असतात. डेप्थ हा पॅरामीटर ० ठेवला तर लायब्ररी वरच्या पातळीच्या नोंदींपाशी थांबते. १ किंवा २ केला की आतल्या प्रत्येक नोंदीसाठी वेगळी विनंती जाते.

मी डेप्थ २ ठेवला होता. कारण प्रामाणिक होते: एरिनच्या उत्तरात तक्रारीचा संपर्क संस्थेच्या नोंदीच्या पोटात असतो, वरच्या पातळीवर तो दिसत नाही. कुठेतरी "डेप्थ वाढवा" असे वाचले आणि वाढवला. मग एकेका पत्त्यामागे विनंत्यांची माळ लागली. शिवाय पत्ता जपान किंवा कोरियाचा असेल तर लायब्ररी आपणहून तिथल्या राष्ट्रीय रजिस्ट्रीलाही विचारते; इन्क-एनआयआर हा पॅरामीटर मुळात चालू असतो. ती माहिती नको असेल तर तो बंद करा.

डेप्थ वाढवण्याचा आणखी एक तोटा मला फार उशिरा कळला. आतल्या एखाद्या नोंदीची विनंती फसली तर लायब्ररी ती चूक वर फेकत नाही, ती नोंद सोडून पुढे जाते. उत्तर आलेले दिसते, तक्रारीचा ईमेल मात्र नसतो. मी तशा संस्थांपुढे "संपर्क दिलेला नाही" असा शेरा मारत होतो. संपर्क होता, माझा प्रश्नच पोचला नव्हता. त्या शेऱ्यांची मला आजही रुखरुख वाटते, कारण त्यांतल्या काही लोकांची मशीन्स खरोखर कोणीतरी ताब्यात घेतलेली होती आणि त्यांना ते कळवणारे मीच होतो.

विचारण्याआधी यादी चाळा

इथे वेळ द्या, फळ लगेच दिसते. लॉगमधून आलेली यादी कच्ची असते.

खासगी पत्ते आधी काढा: १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. त्यांच्यावर आयपीहूइज स्वतःच आयपी-डिफाइन्ड-एरर देते आणि ती पकडलेली नसेल तर पूर्ण स्क्रिप्ट कोसळते. पण १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा /१० हा गट फसवा आहे (तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका लहान, तितका गट मोठा). तो २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या सामायिक वापरासाठी राखून ठेवला गेला. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे हजारो ग्राहक बसवताना कंपन्या तो वापरतात. पायथनमध्ये अशा पत्त्याला "इज-प्रायव्हेट" विचारले तर उत्तर "नाही" येते! "इज-ग्लोबल" विचारले तरीही "नाही". म्हणून चाळणी नेहमी इज-ग्लोबलवर लावा, इज-प्रायव्हेटवर नको.

दोन-तीन किरकोळ गोष्टी. दोन कोलन, चार एफ, कोलन आणि मग साधा आयपीव्ही-४ पत्ता अशा वेषात आलेले पत्ते आयपीव्ही-६ समजून विचारू नका. आयपीॲड्रेसच्या आयपीव्ही-४-मॅप्ड या गुणधर्मातून आतला पत्ता काढून घ्या. काही जुनी उपकरणे लॉगमध्ये प्रत्येक भाग तीन अंकी करून लिहितात, ०१० असा. पायथन ३.९.५ पासून पुढे असे आघाडीचे शून्य चालत नाही आणि ते योग्यच आहे, कारण काही प्रणाली त्याला अष्टमान अंक समजतात. ते उपकरण शून्ये दशमान अर्थानेच लावते याची खात्री करून मग ती काढा. आणि सरतेशेवटी यादीतले दुबार पत्ते काढा. हे सांगायची गरज नाही असे वाटते, पण माझ्या स्क्रिप्टमध्ये ते नव्हते. एकच यंत्र रात्रभर पासवर्ड चाचपत राहिले की त्याच पत्त्यासाठी मी रजिस्ट्रीला पुन्हा पुन्हा विचारत होतो.

पत्ता नव्हे, पट्टा साठवा

खरा उपाय हा आहे. रजिस्ट्री एकेक पत्ता नोंदवत नाही, ती पट्टे नोंदवते. उत्तरात पट्ट्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही येतात. तो पट्टा स्वतःकडे साठवला की त्यातला पुढचा पत्ता बाहेर विचारावाच लागत नाही. एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसच्या साध्या तक्त्यात सुरुवात, शेवट, धारकाचे नाव, तक्रारीचा ईमेल आणि साठवल्याची तारीख एवढे पुरते. नवा पत्ता आला की सुरुवात त्याच्याहून लहान किंवा समान आणि शेवट त्याच्याहून मोठा किंवा समान असलेल्या ओळींतली सर्वांत लहान पट्ट्याची ओळ घ्यायची.

पण थांबा, यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो होतो.

भारतातल्या लॉगमध्ये १०३ ने सुरू होणारे पत्ते भरपूर दिसतात. त्याचे कारण इतिहासात आहे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगभरच्या पत्त्यांचे मूळ वाटप करणाऱ्या आयानाने आपल्याकडचे शेवटचे पाच /८ गट पाच रजिस्ट्रींना एकेक वाटून टाकले आणि ॲपनिकच्या वाट्याला १०३ आला. १५ एप्रिल २०११ पासून ॲपनिकने काटकसरीचा नियम लावला: एका सदस्याला त्यातून जास्तीत जास्त /२२, म्हणजे १०२४ पत्ते. त्यामुळे १०३ हा गट चुरमुऱ्याच्या लाडवासारखा आहे, दिसायला एक पण कण कण वेगळा. गावोगावचे केबल-ब्रॉडबँडवाले, कॉलेजे, छोट्या होस्टिंग कंपन्या, सगळे त्यात शेजारी शेजारी. १०३ च्या एखाद्या /१६ मधला एक पत्ता विचारून "हा सगळा /१६ त्यांचाच" असे धरलेत तर दुसऱ्याच राज्यातल्या, किंवा दुसऱ्याच देशातल्या, निर्दोष माणसाला तक्रार जाईल. मी पहिल्या आवृत्तीत वेग वाढवण्यासाठी नेमके हेच केले होते.

याच्या उलट बाजूचा खड्डा अधिक सूक्ष्म आहे. समजा, पहिल्या पत्त्याचे उत्तर आले: हा एका मोठ्या कंपनीच्या /१९ मधला आहे. तुम्ही तो /१९ साठवला. पण त्याच /१९ मधला एक /२४ कंपनीने एखाद्या कारखान्याला देऊन वेगळा नोंदवलेला असू शकतो. त्या कारखान्याचा पत्ता पुढच्या ओळीत आला की तुमचा तक्ता मोठ्या पट्ट्यावरून उत्तर देईल आणि लहान नोंद कधी विचारलीच जाणार नाही. म्हणून मी मर्यादा घातली आहे: उत्तराचा पट्टा /२४ पेक्षा मोठा असेल तर पूर्ण पट्टा न साठवता, विचारलेला पत्ता ज्या /२४ मध्ये आहे तेवढाच साठवायचा, लहान असेल तर जसा आहे तसा. /२४ च्या आतही एखादी बारीक नोंद निसटेल, पण तक्रार त्याच इंटरनेट कंपनीकडे जाईल आणि ती पुढे कळवू शकेल. एवढी तडजोड मला मान्य आहे. आयपीव्ही-६ साठी मी हीच सीमा /४८ ला ठेवतो.

तक्ता बांधताना आयपीव्ही-६ चा पत्ता पूर्णांक म्हणून भरू नका. एसक्यूलाइटचा पूर्णांक ६४ बिटांचा, पत्ता १२८ बिटांचा. भरताना ओव्हरफ्लोची चूक येते. सोळा-आधारी ३२ अक्षरांत, डावीकडे शून्ये भरून, मजकूर म्हणून साठवा. लांबी सारखी असल्यामुळे अक्षरांच्या क्रमाने केलेली तुलना बरोबर येते.

आणखी एक गल्लत: आयपीहूइजच्या उत्तरात एएसएन-सीआयडीआर (एएसएन म्हणजे राउटिंगमधला नेटवर्कचा क्रमांक, सीआयडीआर म्हणजे /२४ सारखी पट्टा लिहिण्याची पद्धत) नावाचे एक घर असते आणि ते सोपे दिसते म्हणून अनेक जण तेच साठवतात. तो राउटिंगमध्ये जाहीर झालेला पट्टा आहे, नोंदणीचा नव्हे. दोन्ही बऱ्याचदा वेगळे असतात. नोंदणीचा पट्टा नेटवर्क या भागात बघा. आणि जुन्या हूइज मार्गाने घेतलात तर तिथल्या सीआयडीआरमध्ये स्वल्पविरामाने जोडलेले दोन-तीन पट्टे असू शकतात, कारण १ ते ७०० अशी आडवीतिडवी रेंज एका सीआयडीआरमध्ये मावत नाही. आयपीॲड्रेसमधले समराइझ-ॲड्रेस-रेंज हे काम नीट करते.

"माहीत नाही" आणि "कळले नाही" वेगळे ठेवा

माझी सर्वांत महागडी चूक हीच. प्रश्न फसला की मी तक्त्यात "अज्ञात" लिहीत होतो. मग आठवडाभर तो पट्टा अज्ञातच राहायचा, कारण तक्त्यात उत्तर आहे असे स्क्रिप्टला वाटायचे. एका सोमवारी मर्यादेला धडकलो की पुढच्या सोमवारचा अहवालही आपोआप खराब.

४०४ आला तर रजिस्ट्री सांगते आहे की अशी नोंद नाही. हे खरे उत्तर आहे. एक दिवस साठवा. ४२९ किंवा जोडणी तुटणे म्हणजे उत्तर मिळालेच नाही. ते कधीही साठवू नका, त्या पत्त्याला वेगळ्या रांगेत टाका. आयपीहूइजमध्ये अडचण ही की ४०४ आणि तुटलेली जोडणी दोन्ही एचटीटीपी-लुकअप-एरर या एकाच नावाने येतात. संदेशाच्या मजकुरात एरर कोड आहे का ते तपासूनच फरक करावा लागतो. हे सुंदर नाही, पण आवश्यक आहे. चांगल्या उत्तरांना मी सात दिवसांची मुदत देतो.

४२९ आला की मी आता रीट्राय-काउंट ० ठेवून लायब्ररीला थांबूच देत नाही. चूक वर येते, स्क्रिप्ट त्या रजिस्ट्रीचे उरलेले सगळे पत्ते बाजूला ठेवते आणि दुसऱ्या रजिस्ट्रीचे काम चालू करते. एरिनने थांबवले म्हणून ॲपनिकचे प्रश्न अडून राहायचे कारण नाही.

डेप्थही आता ० आहे. वरच्या उत्तरात तक्रारीचा संपर्क मिळाला तर ठीक, नाहीतर फक्त त्या पट्ट्यासाठी दुसरी फेरी डेप्थ १ ने. पट्टा साठवला जात असल्यामुळे ही दुसरी फेरी क्वचितच होते.

मर्यादेसारखे दिसणारे पण मर्यादा नसलेले

वरचे सगळे करूनही पहिल्याच पत्त्यावर एएसएन-लुकअप-एरर येत असेल तर तुमचा प्रश्न वेगळा आहे. हूइज हा जुना प्रोटोकॉल टीसीपीच्या ४३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि अनेक कार्यालयांच्या, कॉलेजांच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणारा ४३ बंद असतो. आरडॅप साध्या एचटीटीपीएसवर चालतो, म्हणून ब्राउझरमधून आरडॅपचे उत्तर दिसते आणि स्क्रिप्ट मात्र फसते. ती सिमरूच्या टप्प्यावरच अडलेली असू शकते. प्रॉक्सीमागे असाल तर हेच. प्रॉक्सीची सेटिंग वेबच्या विनंत्यांना लागू होते, ४३ च्या सॉकेटला नाही. एएसएन-मेथड्स या पॅरामीटरमध्ये फक्त एचटीटीपी ठेवून पाहा. मग एएसएनचे घर रिकामे येईल, कारण त्या मार्गाने फक्त रजिस्ट्री कळते. रिकाम्या घराचा अर्थ "या पत्त्याला एएसएन नाही" असा घेऊ नका.

मुळात चुकीचे पॅकेज बसवले आहे का तेही बघा. पिपवर "हूइज" आणि "पायथन-हूइज" अशी दोन वेगळी पॅकेजे आहेत, दोन्ही डोमेन नावांसाठी, आणि दोन्ही कोडमध्ये एकाच नावाने इंपोर्ट होतात. आयपी पत्त्यांसाठी आयपीहूइज हवे. याच गोंधळातून "हूइज आता बंद झाले" असेही ऐकू येते. २८ जानेवारी २०२५ पासून हूइज देण्याची सक्ती संपली ती जेनेरिक डोमेनवाल्यांची. पत्त्यांच्या रजिस्ट्रींचा तो विषय नाही. तरी नवे लिहिणार असाल तर आरडॅपच घ्या. हूइजमध्ये प्रत्येक रजिस्ट्रीचा मजकूर वेगळ्या साच्याचा असतो, शिवाय अक्षरसंचाचा काही नियम नाही. आयपीहूइज त्या मार्गाने आलेल्या उत्तरातली आस्कीबाहेरची (साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडची) अक्षरे गाळून टाकते, त्यामुळे ब्राझीलच्या साओ पावलोतले एक अक्षर गायब होते. नावे जुळवताना हे फार नडते.

देशाच्या कोडबद्दल एवढेच: तो धारकाने नोंदवलेला देश आहे, मशीन कुठे ठेवले आहे ते नाही. आणि तुम्हाला फक्त देश व रजिस्ट्रीच हवी असेल तर एकही प्रश्न विचारू नका. पाचही रजिस्ट्री वाटपाची पूर्ण यादी रोज फाइलरूपात ठेवतात. सकाळी एकदा उतरवून घ्या. वाचताना जपा, आयपीव्ही-४ च्या ओळीत पत्त्यांची संख्या असते आणि आयपीव्ही-६ च्या ओळीत त्याच घरात प्रीफिक्सची लांबी असते. फक्त एएसएन हवा असेल तर सिमरूच्या हूइजला "बिगिन" आणि "एंड" यांच्या मध्ये सगळी यादी एकाच जोडणीत द्या. एकेक करून हजारो प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही बंद करू, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे.

भारतीय पत्त्यांसाठी

दिल्लीच्या निक्सी या इंटरनेट-एक्स्चेंज संस्थेकडे २०१२ पासून इरिन ही भारताची राष्ट्रीय रजिस्ट्री आहे, ॲपनिकच्या छत्राखाली. उच्चारात ती अमेरिकेच्या एरिनसारखी वाटते आणि फोनवर बोलताना आमचा यावरून खरोखर गोंधळ झालेला आहे; सहकारी भलत्याच सर्व्हरला विचारत बसला होता. आयपीहूइजच्या उत्तरात भारतीय पत्त्याची रजिस्ट्री ॲपनिक अशीच दिसेल, ती चूक नाही. नोंद इरिनमार्फत झाली आहे का हे नोंदीच्या मेंटेनरवरून, म्हणजे ती सांभाळणाऱ्यावरून, कळते. त्याच्या नावात "इन-इरिन" असे येते.

ॲपनिकने २०१० पासून प्रत्येक पट्ट्याला आयआरटी ही तक्रार-नोंद सक्तीची केली आहे. तक्रारीचा ईमेल शोधताना आधी ती पाहा, तांत्रिक संपर्काला लिहू नका. छोट्या ब्रॉडबँडवाल्यांकडे तांत्रिक संपर्क म्हणजे बहुतेकदा खांबावर चढणारा तोच एक माणूस असतो. तक्रारीत लॉगची वेळ यूटीसीपासूनच्या फरकासह लिहा आणि सोर्स पोर्टही द्या. एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरे असतात, पोर्टाशिवाय त्यांना ग्राहक सापडत नाही. आमच्या मेल-सर्व्हरच्या लॉगमध्ये पोर्ट येत नव्हता; तो चालू करायला एक ओळ लागली आणि मगच उत्तरे यायला लागली.

सध्या माझी स्क्रिप्ट पहाटे ४ वाजून ३७ मिनिटांनी चालते, सहकाऱ्याची तिच्यानंतर, आणि दोघींचा तक्ता एकच आहे. शेवटी ती चार आकडे छापते: किती पत्ते आले, किती चाळणीत गळले, किती तक्त्यातून मिळाले, किती बाहेर विचारले. चौथा आकडा एकदा अचानक फुगला होता. पाहिले तर तक्त्याची फाइल टेम्प फोल्डरमध्ये राहिली होती आणि वीज जाऊन मशीन पुन्हा चालू झाल्यावर पुसली गेली होती. आता ती तिथून हलवली आहे.